पीळ कामाला लावतो तेव्हा: मिरजेच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तंगुसाच्या नायलॉन धाग्याला पीळ देऊन केलेल्या कृत्रिम स्नायूवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "मासे धरायच्या तंगुसाला स्नायू म्हणायचं कारण काय? चाळीस वर्षं मोटर वाइंडिंग केलं, दोरीनं आपणहून काम केलेलं कधी बघितलं नाही. सांगलीत याचं काय करायचं?" असं तुम्ही विचारलंत.

आधी माझी चूक. लेखात मी या स्नायूनं 'वीज वाचते' असं लिहिलं होतं. ते साफ चुकीचं. पीळ दिलेल्या नायलॉनला घातलेल्या उष्णतेपैकी जेमतेम 1 टक्का कामी येते; तुमची चांगली इंडक्शन मोटर 80-90 टक्क्यांवर चालते. ते वाक्य काढून टाकलंय.

पण दोरीला काम करताना तुम्ही बघितलंय, काका. अंबाडीचं दावं पावसात भिजलं की गाठ सुटता सुटत नाही. बाजेची दोरी भिजली की बाज ताठ होते. तंतू पाणी पिऊन आडवे फुगतात, आणि ते पिळात तिरके बसलेले असल्यामुळे दोरीला आखडावंच लागतं. नायलॉनमध्ये हेच उष्णतेनं होतं: तो तापला की जाडीला वाढतो, लांबीला किंचित आटतो. 1950च्या दशकात अमेरिकेत जोसेफ मॅककिबेन यांनी पोलिओ झालेल्या मुलीसाठी जो कृत्रिम स्नायू केला, तोही असाच. रबरी नळीवर तिरकी विणलेली जाळी; नळीत हवा भरली की ती फुगते आणि आखडते. धाग्यांचा तिरकेपणा साधारण 54.7 अंशांवर आला की आखडणं थांबतं.

तंगुसाचा प्रयोग मी स्वतः केला. आयर्विन पुलाखाली गळ टाकणाऱ्या पोरांकडून तंगूस आणला. एक टोक ड्रिलच्या चकमध्ये धरलं, खाली पाव किलोचं वजन टांगलं, ते फिरू नये म्हणून त्याला पट्टी अडवली. पीळ भरत गेला तसं वजन वर सरकत होतं. मग एके ठिकाणी पहिलं वेटोळं पडलं आणि पेनातल्या स्प्रिंगसारखी एकाला एक चिकटून वेटोळी चढत गेली. (वजन फार हलकं टांगलं तर नुसता गुंता होतो, दोन वेळा झाला.) केस वाळवायच्या मशीनची गरम हवा मारली की वजन दोन बोटं उचलतं, मशीन बंद केलं की सावकाश खाली येतं. 2014 साली टेक्सासमधले संशोधक रे बॉमन यांच्या गटानं हे जगासमोर मांडलं तेव्हा तेवढ्याच लांबीच्या आणि वजनाच्या मानवी स्नायूपेक्षा 100 पटीनं जास्त भार त्यांनी उचलून दाखवला होता.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. चांदीचा मुलामा दिलेला शिवणाचा नायलॉन धागा असाच वळला तर तो वीज सोडून तापवता येतो, आणि आखडताना त्याचा रोधही (विजेला होणारा अडथळा) बदलतो. किती आखडला ते धाग्यालाच विचारायचं! मोटरला त्यासाठी वेगळा सेन्सर जोडावा लागतो.

आणि सांगलीत काय? तासगावच्या बेदाणा शेडवर अवकाळी पाऊस आला की मध्यरात्री ताडपत्रीसाठी धावपळ होते. ताडपत्री ओढायला मोटरच हवी, तिथं तुमचंच खरं. पण हवा दमट होताच आपोआप आखडून त्या मोटरचं बटण दाबणारी वीतभर अंबाडीची दोरी? तिला ना बॅटरी लागते, ना सर्किट. या उन्हाळ्यात ती करून बघणार आहे. वाइंडिंगची बाजू तुम्ही सांभाळणार असाल तर कळवा, शेडवर सोबतच जाऊ.