‘पंचवीस सूत्रं पाठ करा, एम-वन निघेल’: हा सल्ला नेमका कुठे चुकतो

इंजिनिअरिंगच्या प्रवेशांच्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर एक सल्ला फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: कॅल्क्युलस म्हणजे वीस-पंचवीस सूत्रं, ती पाठ केली की एम-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर, निघतो. बीजगणित कच्चं असलं तरी पुढे आपोआप सुधारतं. लिमिट आलं की लोपिताल (अंश आणि छेद यांचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घेण्याचा नियम) लावा. आकडेमोडीला कॅल्क्युलेटर आहेच. आणि अमेरिकेतल्या कॉलेजांनीसुद्धा बेसिक गणिताचे वर्ग बंद केलेत.

यावर विसंबलेल्या मुलांना केटी लागते, म्हणजे विषय राहतो, तेव्हा ‘मला कॅल्क्युलस जमत नाही’ असा समज घट्ट बसतो. खरं तर त्यांच्या उत्तरपत्रिकेत कॅल्क्युलसची पायरी बऱ्याचदा बरोबर असते. गणित फसतं ते त्याच्या पुढच्या ओळीत.

‘कॅल्क्युलस म्हणजे सूत्रं’

सूत्रं पाठ हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण एक छोटं गणित हातात घ्या: व्याख्येवरून १/क्ष चं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढायचं. मांडणी अशी: [१/(क्ष+ह) − १/क्ष] ÷ ह, आणि ह शून्याकडे न्यायचा. यातलं कॅल्क्युलस मांडणीत आणि शेवटच्या लिमिटमध्ये आहे. मधलं सगळं काम आठवी-नववीच्या अपूर्णांकांचं.

छेद समान केला की तो क्ष(क्ष+ह) होतो आणि अंशात क्ष − (क्ष+ह) येतं. कंस सोडवताना वजाचं चिन्ह दोन्ही पदांना लागतं, म्हणून −ह उरतो. घाईत ‘क्ष − क्ष + ह’ असं लिहिलं जातं, आणि शेवटी −१/क्ष² ऐवजी +१/क्ष² उत्तर येतं. दुसरी चूक त्याच्या पुढच्या पायरीवर होते. ह ने भागायचं म्हणजे तो छेदात गुणायचा. काही जण तो अंशात गुणतात, मग अंशात ह² येतो आणि लिमिट शून्य निघतं. या दोन्ही चुका एका प्रश्नाने पकडता येतात: क्ष धन असून वाढत गेला तर १/क्ष चं काय होतं? कमी होतं. म्हणजे उत्तर ऋणच हवं. हा प्रश्न विचारायची सवय सूत्रं घोकून लागत नाही.

सूत्राला अटही असते. १/क्ष² चं −१ ते १ इंटिग्रेशन, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, सूत्रात घातलं तर −२ येतं. आलेख तर सगळा अक्षाच्या वर आहे, मग क्षेत्रफळ ऋण कसं? मध्ये क्ष = ० ला फलनच अस्तित्वात नाही, तिथे तुकडे करावे लागतात, आणि दोन्ही तुकड्यांचं क्षेत्रफळ अनंताकडे जातं. सूत्र चुकलेलं नाही. ते लागू होत नसताना वापरलं गेलं.

‘बीजगणित पुढे आपोआप सुधारतं’

सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. (अ+ब)² म्हणजे अ²+ब², लॉग(अ+ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब, (क्ष+३)/क्ष मधले क्ष उडवून ३, साइन २क्ष म्हणजे २ साइन क्ष: या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच समज आहे, की कुठलीही क्रिया बेरजेतून आत जाते. हा समज कोणी मुद्दाम मोडल्याशिवाय मोडत नाही, कारण ज्या पानावर चूक होते तिथे ती दिसत नाही.

रेक्टिफिकेशनचं म्हणजे वक्राची लांबी काढण्याचं उदाहरण घ्या. वक्र य = (२/३)क्ष^(३/२), क्ष ० पासून ३ पर्यंत. डेरिव्हेटिव्ह √क्ष. लांबीच्या सूत्रात १ अधिक त्याचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे √(१+क्ष). याचं इंटिग्रेशन (२/३)(१+क्ष)^(३/२). किमती घातल्या की (२/३)(८−१) = १४/३, साधारण ४.६७.

आता ‘वर्ग आणि वर्गमूळ कटले’ असं म्हणून √(१+क्ष) च्या जागी १+√क्ष लिहिलं तर उत्तर ३+२√३ येतं, म्हणजे ६.४६. इंटिग्रेशनची प्रत्येक पायरी बरोबर, तरी उत्तर साफ चूक. हा आकडा आला कुठून ते पाहण्यासारखं आहे. वक्र (०, ०) पासून (३, २√३) पर्यंत जातो. आडवं ३ आणि उभं ३.४६ चाललं तर बरोबर ६.४६ होतात, चुकीच्या पायरीने वक्राऐवजी काटकोनाच्या दोन बाजू मोजल्या. दोन टोकांमधलं सरळ अंतर √२१, म्हणजे ४.५८. वक्राची लांबी त्याहून थोडीच जास्त असणार, आणि ४.६७ तशीच आहे. सरळ अंतर काढायला अर्धा मिनिट लागतो. रेक्टिफिकेशनच्या प्रत्येक गणितात ते काढावं.

‘लिमिट आलं की लोपिताल’

आधी किंमत घालून पाहायची. शून्य भागिले शून्य किंवा अनंत भागिले अनंत आलं तरच हा नियम चालतो. (क्ष²+१)/(क्ष+१) चं क्ष शून्याकडे जाताना लिमिट सरळ १ आहे. लोपिताल लावलात तर २क्ष/१, म्हणजे ०. आणि रूप योग्य असूनही नियम कधी कधी उपयोगी पडत नाही. क्ष अनंताकडे जाताना (क्ष + साइन क्ष)/क्ष चं लिमिट १ आहे. लोपितालने १ + कॉस क्ष मिळतं, त्याला लिमिटच नाही. इथे क्ष ने भागून घ्यायचं: १ + (साइन क्ष)/क्ष, आणि दुसरं पद शून्याकडे जातं.

या ट्रिका आल्या कुठून हे समजण्यासारखं आहे. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. समोर चार पर्याय असतात, एखादी किंमत घालून तीन बाद करता येतात, आणि त्या परीक्षेत ते योग्यच आहे. एम-वनच्या लेखी पेपरात मात्र पायऱ्या लिहून दाखवायच्या असतात आणि गुण त्यांना मिळतात.

‘कॅल्क्युलेटर आहेच’

डिग्री मोडवर ठेवून साइन ०.०१ भागिले ०.०१ करून पाहा. ०.०१७४५ येतं, १ नाही. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे. डिग्रीत प्रत्येक वेळी π/१८० ने गुणावं लागतं. हे ठाऊक नसलेल्याला कॅल्क्युलेटर चुकीचं उत्तर चार दशांशांपर्यंत अचूक देतो.

‘अमेरिकेतही बेसिक बंद केलं’

हे अर्धवट सांगितलं जातं. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा झाला. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक बीजगणित अशी लांबलचक शिडी होती आणि ती चढता चढताच मुलं गळत. कायद्याने अशा वर्गांत सक्तीने बसवण्यावर मर्यादा घातली. त्याऐवजी मूळ विषयाला थेट प्रवेश आणि सोबत जादा तास, असा मार्ग अनेक कॉलेजांनी घेतला. म्हणजे उजळणी विषयाच्या बरोबरीने होऊ लागली. आपल्याकडेही हेच करायला हवं. वर्ष वाया घालवून मागे जायची गरज नाही.

सुरुवातीला स्वतःची चाचणी घ्या: −३² आणि (−३)² किती, (२/३) ÷ ४, १/अ + १/ब, ८ चा −२/३ घात, (क्ष²−९)/(क्ष−३) चं सोपं रूप. उत्तरं अनुक्रमे −९ आणि ९, १/६, (अ+ब)/अब, १/४, आणि क्ष+३ (क्ष ३ नसताना). यातलं जे अडलं तिथून सुरुवात. रोज अर्धा तास, एका वेळी एकच प्रकार: आधी चिन्हं आणि कंस, मग अपूर्णांक, घातांक, अवयव. लॉग आणि त्रिकोणमिती त्या-त्या धड्याच्या आठवडाभर आधी. वीसपैकी अठरा गणितं वही न उघडता बरोबर आली की पुढचा प्रकार घ्या. चुकलेलं गणित खोडू नका. चुकलेल्या ओळीला लाल खूण करा आणि शेजारी कारण लिहा: चिन्ह, कंस, छेद की सूत्र. पंधरा दिवसांनी त्या खुणा मोजल्या की पुढचे अर्धे तास कशावर घालवायचे ते कळतं.