पेशवे दफ्तर लंडनला गेलेलं नाही, ते पुण्यातच आहे

मराठ्यांची अस्सल कागदपत्रं इंग्रजांनी लंडनला नेली, उरलेली सरकारने कुलपात ठेवली, त्यात राजे आणि लढायांपलीकडे काही नाही, आणि सरकारी कागद म्हणजे सरकारच्या सोयीचंच लिहिलेलं. या आशयाचा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. पाठवणाऱ्यांत इतिहासावर मनापासून प्रेम असलेली माणसं आहेत, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे, जवळपास १४ किलोमीटर फळ्या भरतील एवढं. पण ते प्रामुख्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे भारतमंत्र्याच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याच्या कचेरीचे कागद. १८१८ साली पेशवाई बुडाली तरी पेशव्यांचं दफ्तर, म्हणजे त्यांच्या कारभाराचे कागद, पुण्यातच राहिले, आणि ते शेतसाऱ्यासाठी. कोणत्या गावाचा वसूल किती, कुणाची सनद खरी, कुणाची बनावट, हे ठरवायला नव्या राज्यकर्त्यांना तेच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुन्हा पुन्हा सोडावे लागत. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांचे दावे याच कागदांशी ताडून पाहिले गेले. रोज लागणारी हिशेबाची वही कोण सातासमुद्रापार पाठवील? १८९१ मध्ये दफ्तरासाठी पुण्यात इमारत उभी राहिली.

शिवकाळाचे कागद त्यात फार थोडे आहेत, हे खरं. पण १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, त्या धामधुमीतच पुष्कळ कागद गेले. त्याचा दोष इंग्रजांवर टाकता येत नाही.

कुलपाची तक्रार एके काळी अगदी रास्त होती. इंग्रज सरकार देशी अभ्यासकांना या दफ्तरात सहजासहजी शिरू देत नसे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळत फिरले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढत राहिले. दार उघडलं ते पुढे, आणि इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले. आज अर्ज करून तिथे बसून वाचता येतं. अडतं ते कागदांच्या मोडी लिपीपाशी, आणि मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालयच घेतं.

‘राजे आणि लढाया’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो. दफ्तराचे विभाग नुसते बघा: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, जमाव, चिटणिशी. रोजकीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही, प्रांत अजमास म्हणजे प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज. पाऊस नाही म्हणून दिलेली सूट, बैलांसाठी तगाई म्हणजे सरकारी कर्ज, पाटीलकीवरून भाऊबंदांचं भांडण, जकात, टांकसाळ, गुन्हेगाराला झालेला दंड, सगळं तिथे आहे. मोहिमांची पत्रं आहेतच. पण फौजेलाही दाणा आणि वैरण लागते, आणि तिचा हिशेब लिहिताना कारकुनाच्या बोरूखाली गाव येतंच.

‘सरकारच्या सोयीचं’ या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकणार नाही. महजर म्हणजे साक्षीदारांसमोर झालेला निवाडा असो की ताकीदपत्र, लिहिणारा कुणाच्या तरी बाजूने लिहितो. पण खर्चाची नोंद पुढच्या पिढीला पटवायला केलेली नसते. वरिष्ठाला हिशेब द्यायचा, तेवढीच कारकुनाला चिंता. ताकीदपत्रही नीट वाचलं तर वेगळं बोलतं. एकच ताकीद वर्षानुवर्षं निघत असेल, तर ती पाळली जात नव्हती असाच त्याचा अर्थ. हुकूम काढणाऱ्याला ही गोष्ट लपवता आली नाही.

याच कागदांत कुणबिणी, म्हणजे दासी, भेटतात, विकत घेतलेल्या, सरकारी कोठीत राबणाऱ्या, क्वचित मोकळ्या केलेल्या. माणूस विकत घेतल्याची नोंद दाण्याच्या नोंदीसारखीच सरळ. त्या बाईच्या तोंडचा शब्द बहुधा मिळत नाही, आणि ही उणीव मोठी आहे. पण नोंद करणाऱ्याला त्यात झाकण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणून ती बाई पुण्यातल्या त्या रुमालात आजही सापडते.