भारताचा स्ट्रायकर सोलापुरातून कसा निवडावा

भारतीय फुटबॉल संघाबद्दल मत द्यायचं तर आधी मॅच बघावी लागते, असा एक गैरसमज आहे. तो पहिल्यांदा डोक्यातून काढा. मॅच बघितली की माणसाची पंचाईत होते. कोण दुखावला होता, कुठला गोल नशिबानं हुकला, असले तपशील कळतात आणि मग ठामपणे काही बोलता येत नाही. स्कोअर तेवढा माहीत असावा. शून्य-शून्य असेल तर ‘पुढं कोण नाही’, हरलो असू तर ‘मागं कोण नाही’ आणि जिंकलो असू तर ‘समोर तरी कोण होतं?’ एवढ्या भांडवलावर पार्क चौपाटीच्या बाकड्यावर तुमची जागा कायमची पक्की. अंगात जर्सी मेसीची असली तरी चालते.

सुनील छेत्रीबद्दल मात्र मत लागेलच. एक नव्हे, दोन लागतील, आणि दोन्ही एकाच वेळी खिशात असू द्यात. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्यानं निरोप घेतला. मॅच शून्य-शून्य सुटली आणि १५१ सामन्यांत ९४ गोल करून गडी घरी गेला. त्या रात्री तुम्ही म्हणायचं, ‘आता गोल कोण करणार बे?’ मार्च २०२५ मध्ये त्यालाच परत बोलावलं. तेव्हा म्हणायचं, ‘चाळीस वर्षांच्या माणसाला बोलवलालेत, बाकीची पोरं काय करलालेत बे?’ शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं आल्या आल्या डोक्यानं गोल केला, तर मालदीव हा संघ आहे का, असं विचारायचं. सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध एकही गोल झाला नाही, तेव्हा मागं रेलून बसायचं आणि ‘मी काय म्हणालो होतो?’ एवढंच म्हणायचं. यात विसंगती शोधणारा एखादा भेटतोच. त्याच्यासाठी चहा सांगा.

मग येतात आकडे, म्हणजे मागून पुढं कुठल्या ओळीत किती खेळाडू उभे करायचे ते. चार-दोन-तीन-एक, चार-चार-दोन, तीन-पाच-दोन. हे म्हणताना आवाज थोडा खाली आणावा, भाव फुटू नये म्हणून व्यापारी आणतात तसा. टेबलावर शेंगदाणे मांडून दाखवले तर उत्तमच, सोलापुरात शेंगांना तोटा नाही. अडचण एवढीच की चर्चा लांबली की बोलता बोलता कुणीतरी बचावफळी खाऊन टाकतो. आकड्यांची बेरीज दहा यावी, गोलकीपर त्यात धरत नाहीत. कुणाची अकरा आली तरी दुरुस्त करू नका. मतदानाच्या वेळी तो आपल्या बाजूचा असतो.

इथवर सगळं सोपं. खरा धोका पुढं आहे. प्रत्येक बाकड्यावर एक तरी माणूस असा निघतो, जो स्वतः खेळलेला असतो. गुडघा गेलेला, बोलणं कमी. सगळ्यांचं बोलून झालं की तो सुरू करतो. आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, तिच्या क्लबांना आज निकाल लागतो, म्हणून नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, ते परदेशी माणूस आणतात. एका वेळी चार परदेशी मैदानात चालतात, त्यातला एक बहुतेक ठिकाणी सगळ्यात पुढं. आपल्या पोरानं मग कडेनं पळायचं, नाहीतर बाकावर बसायचं. छांगते कडेला, लिस्टन कडेला. मनवीर सिंग मोहन बागानकडून उजव्या कडेनं पळतो आणि देशाकडून खेळताना त्याला मध्ये उभा करून आपण म्हणतो, हं, मार गोल. जागाच मिळत नाही तर सवय कुठून लागणार? एवढं सांगून तो विचारतो, ‘उजनी भरलेली हाय, पण नळाला पाच दिवसांनी पाणी येतंय. म्हणून तोटी बदललालास का बे तू?’

हा युक्तिवाद अत्यंत घातक आहे, कारण तो बरोबर आहे. शिवाय सोलापूरकरापुढं नळाचं नाव काढलं की तो हळवा होतो, आणि हळवं झालेलं बाकडं तुमच्या हातात राहत नाही. क्षणाचाही विलंब न लावता कोचवर घसरा.

कोच ही फार सोयीची वस्तू. परदेशी असला तर त्याला आपली पोरं कळत नाहीत, देशी असला तर त्याला बाहेरचं फुटबॉल कळत नाही. मानोलो मार्केझ एफसी गोवा आणि भारत असे दोन संघ एकदम सांभाळत होता, तर ‘दोन दोन नोकऱ्या केल्यावर काय होणार?’ हे विचारावं (ऑफिसच्या वेळात चौपाटीवर बसून विचारलं तरी हरकत नाही). ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आला. यानंच २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबाला आय-लीग जिंकून दिली होती. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या काफा स्पर्धेत तिसरे आलो तेव्हा ‘आपलाच माणूस पाहिजे होता, मालक!’ १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून २-१ हरून २०२७ च्या आशियाई कपाची वाट बंद झाली तेव्हा ‘नुसता बचाव शिकवून गोल होतेत व्हय?’

ज्योतिषावरून हसू नका. २०२३ साली बातमी आली होती की आधीच्या वर्षीच्या पात्रता सामन्यांपूर्वी तेव्हाचे कोच स्टिमाच खेळाडूंची यादी एका ज्योतिषाकडे पाठवत होते. बातमीप्रमाणे त्या ज्योतिषाला मानधनही मिळालं. तुम्ही तीच सेवा स्वतःच्या चहाच्या पैशानं देताय.

अगदीच अंगावर आलं तर १९५० काढा. बूट घालायला लावले म्हणून आपण विश्वचषकाला गेलो नाही, हे ठोकून द्यावं. खरं तर आपल्या संघटनेलाच तेव्हा विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठं वाटत होतं, पण ते ऐकायला कुणी खुर्ची ओढत नाही. १९५६ ला मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाला तीन गोल घातले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. हे खरं आहे, त्यामुळं फारसं वापरात नाही.

छेत्रीची एक गोष्ट मात्र कुणी काढू नये याची काळजी घ्या. २०१८ मध्ये अंधेरीत भारतानं चायनीज तैपेईला पाच गोल घातले, त्यातले तीन याचे. बघायला आलेली माणसं अडीच हजारांच्या आसपास. त्यानं व्हिडिओ टाकून हात जोडले, की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा. पुढच्या केनियाच्या सामन्याला स्टेडियम भरलं. म्हणजे मुंबईकरांनी विनंतीचा उत्तरार्ध पाळला. पूर्वार्ध आपण आजतागायत निष्ठेनं पाळतोय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन मिळत नाही, हे कारण तयार ठेवा.

हे सगळं ऐन रंगात आलेलं असताना एखादं पोरगं येऊन उभं राहील. पायात चप्पल, गुडघ्याला माती. म्हणेल, ‘काका, बॉल तुमच्या गाडीखाली गेलाय, जरा सरकवता का?’ गाडी सरकवू नका. ‘खेळायची जागा हाय का बे ही? दहावीला हाईस न्हवं?’ असं विचारा. काच फुटली तर कोण भरणार, हेही विचारा. बॉल दोन दिवस आपल्याकडं ठेवून घेतला तर फारच छान. पोरगं गेलं की शेंगदाणे परत मांडा आणि नऊ नंबरवर कोण, तिथून पुढं सुरू करा.