पापनिवेदन झालं, सातबाऱ्याचं काय?

राखेच्या बुधवारानंतरचा, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा, पहिला रविवार. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर वसईतल्या पापडीच्या नाक्यावर चहा आला आणि वकिलानं विषय काढला.

"थोरल्यानं काल पापनिवेदन केलं, फादरजवळ पापं कबूल केली, आज मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घेतला. वाडी अजून त्याच्याच एकट्याच्या नावावर. मास्तर, ही कसली क्षमा हो?"

थोरला कोण, हे कट्ट्यावर कोणाला सांगावं लागलं नाही. बाप गेला तेव्हा धाकटा आखातात होता. वारसनोंद करताना थोरल्यानं त्याचं नावच लावलं नाही. केळीची वाडी, विहीर, घरामागची जागा, सगळं एकाच्या नावे. धाकटा परत आला तेव्हा फेरफार मंजूर होऊन बसला होता, म्हणून त्यानं दावा लावला. आता दोघे एकाच चर्चमध्ये येतात आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडतात.

मास्तरांनी गावात वर्षानुवर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलंय. ते म्हणाले, "त्यानं आत काय सांगितलं, तुला काय माहीत? वाडीचं सांगितलं असेल, नसेल. फादरना आपण विचारू शकत नाही आणि ते सांगू शकत नाहीत. पापनिवेदनातलं थेट फोडलं तर धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो, ती शिक्षा उठवायची तर रोमकडेच जावं लागतं."

"चर्चच्या कायद्यात हो," वकील म्हणाला. "देशाच्या पुराव्याच्या कायद्यात अशिलानं मला सांगितलेलं सुरक्षित आहे, फादरला सांगितलेलं नाही. पण माझा मुद्दा तो नाहीच. माझं म्हणणं, आत गुपचूप सांगायची सोय आहे म्हणून बाहेर उघड बोलायची गरज उरत नाही. प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हटल्या की हिशेब चुकता."

इथे नगरकर सरसावला. तो नगरचा प्रोटेस्टंट, आजोबांपासून मराठी मिशनच्या मंडळीतला, नोकरीमुळे वसईत राहिलेला. बायबल त्याला पाठ आहे आणि संधी तो सोडत नाही. "म्हणून आमच्याकडे मध्ये कोणी नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात लिहिलंय, आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करायला विश्वासू आहे. देवाजवळ कबूल करा. पाळकसाहेब कशाला, फादर आणि सांगणारा यांच्यामधली जाळी कशाला, रांग कशाला?"

"मग तुमच्यातला थोरला रात्री उशीवर डोकं ठेवून देवाला सांगेल आणि झोपेल," ताई म्हणाली. "आमच्या थोरल्याला निदान रांगेत उभं राहावं लागलं. लोकांनी पाहिलं." ताई नर्स आहे. रात्रपाळी करून थेट मिस्सेला आली होती आणि घरी जायचं सोडून इथे थांबली होती.

नगरकर थोडा थांबला, मग मोकळेपणानं म्हणाला, "हे खरं आहे. तसं एकट्यानं उरकणं आमच्याकडेही चालत नसे. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, तेव्हा मुली सगळ्यांसमोर रडत आपली पापं कबूल करत होत्या."

मास्तरांना यावर बोलायचंच होतं. पहिल्या काही शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त उघड असे, तेही आयुष्यात एकदाच. सम्राटही त्यातून सुटला नाही. ३९० साली थेस्सलनीकात थिओडोसियसच्या सैन्यानं हजारो माणसं कापली, तेव्हा मिलानच्या बिशप अँब्रोजनं त्याला प्रायश्चित्त केल्याशिवाय कम्युनियन देणार नाही असं कळवलं, आणि सम्राटानं लोकांसमोर ते केलं. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगीत, पुन्हा पुन्हा करायच्या पापनिवेदनाची पद्धत युरोपभर नेली. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा तरी ते करायचंच असा नियम घातला. जाळी तर त्याहून नवी, सोळाव्या शतकात मिलानच्याच चार्ल्स बोरोमिओंनी ती आग्रहानं लावून घेतली, सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची दोघांची अब्रू राहावी म्हणून. "आणि नगरकर, तुझ्या ल्यूथरनं खासगी पापनिवेदन मोडलं नाही बरं. त्याच्या पंथाच्या १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, स्वच्छ लिहिलंय की ते चालू ठेवायचं. प्रत्येक पाप मोजून सांगायची सक्ती तेवढी काढली."

"जाळीनं अब्रू नेहमी राहतेच असं नाही," ताई म्हणाली. २०१८ साली केरळमधल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर आरोप झाला होता, की एका विवाहितेनं पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट धरून तिला धमकावलं, तिचं शोषण केलं. राष्ट्रीय महिला आयोगानं ही पद्धतच बंद करावी अशी शिफारस केली. चर्चनी एकमुखानं विरोध केला. "पद्धत बंद करा असं मी म्हणत नाही. मीही जाते. पण गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं आणि पलीकडच्याच्या हातात सगळं असतं, एवढं तरी आपण बोललं पाहिजे. तेव्हा सगळे विरोध करण्यात गुंतले. त्या बाईचं काय, हे माझ्या वॉर्डातल्या बायकांनीच विचारलं."

कोणी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. माझ्या मते त्या वेळी चर्चनं आधी त्या स्त्रीबद्दल आणि मग आयोगाबद्दल बोलायला हवं होतं. क्रम चुकला आणि त्यामुळे विश्वास उणावला.

वकील वाडीवर परत आला. "जाळी असो की नसो. कबुली कोणाजवळ द्यायची? माझा प्रश्न तेवढाच आहे. ज्याचं घेतलं त्याच्याजवळ, की तिसऱ्याजवळ?"

नगरकरानं गणनाचा पाचवा अध्याय काढला. त्यात सरळ हुकूम आहे: अपराध्यानं पाप कबूल करावं, ज्याचा अपराध केला त्याला पूर्ण भरपाई द्यावी, आणि वर पाचवा हिस्सा घालावा. जकातदार जक्कयानं तर चौपट परत करीन म्हटलं, अर्धी मालमत्ता गरिबांना देईन म्हटलं. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू त्याच्या घरी आधी जातो हे खरं, पण 'आज या घराला तारण प्राप्त झालं' हे शब्द त्याच्या तोंडून त्या बोलण्यानंतर येतात. "वाडी परत, आणि वर पाचवा हिस्सा. इतक्या वर्षांच्या केळीचं उत्पन्न धर बरं वकिला."

"आमच्याकडे वेगळं काही आहे असं समजू नकोस," मास्तर म्हणाले. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद १४५९ मध्ये स्पष्ट आहे: चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू सावरा, इजा केली तर भरपाई द्या. पापमुक्तीनं पाप जातं, पापानं केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. मग त्यांनी ऑगस्टीनचं पत्र सांगितलं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या या बिशपनं मॅसेडोनियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याला लिहिलं होतं, की दुसऱ्याची वस्तू परत करता येत असून केली नाही, तर तो पश्चात्ताप नव्हे, पश्चात्तापाचं सोंग आहे. "मुलांना मी हे शिकवत आलो. मोठ्यांना शिकवायला कोणी बसवत नाही."

मला मास्तरांचं हे बोलणं फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या वसईत चोरी म्हणजे पाकीटमारी असं मनात धरलेलं असतं. बहिणीचा हिस्सा न देणं, भावाचं नाव वारसनोंदीतून वगळणं, बांध एक हात सरकवणं, हे पापनिवेदनाच्या रांगेत उभं राहताना आठवतच नाही. राग आला, खोटं बोललो, मिस्सा चुकली, एवढंच आठवतं. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून घराघरांत झालेला हा अन्याय आपल्या प्रायश्चित्तकाळात कुठेच दिसत नाही. त्यावर प्रवचन व्हायला हवं, नाव न घेता व्हायला हवं, पण सातबारा हा शब्द उच्चारून व्हायला हवं.

"फादर त्याला सांगू शकतात ना, आधी परत कर मग पापमुक्ती?" मी विचारलं.

"सांगू शकतात. परत करायची तयारीच नसेल तर पश्चात्ताप खरा नाही, मग पापमुक्ती थांबवता येते," मास्तर म्हणाले. "पण त्यानं वाडीचं सांगितलं तर. त्यानं मिस्सा चुकल्याचं सांगितलं असेल, तर फादर काय करणार?"

वकिलानं मग संस्थांच्या माफीचा विषय काढला, तो त्याचा आवडता. १२ मार्च २००० रोजी सेंट पीटर्समध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या मुलांनी केलेल्या पापांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या जबरदस्तीचाही त्यात उल्लेख होता. गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडून, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. आपली वसईही तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, १७३९ पर्यंत. "गोव्याचं नाव त्या प्रार्थनेत नव्हतं. नाव न घेता मागितलेली माफी मला थोरल्याच्या पापनिवेदनासारखी वाटते."

नगरकरानं उलट उदाहरण दिलं. नोव्हेंबर १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गला चर्चची परिषद भरली होती. स्टेलनबॉशचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले आणि वर्णभेदातला स्वतःचा दोष कबूल केला. त्याबरोबर आपल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या आणि आफ्रिकानेर समाजाच्या वतीनंही. ज्यांना भोगावं लागलं ते समोर बसले होते. त्यांच्यातले कृष्णवर्णीय आर्चबिशप डेस्मंड टुटू उठले आणि म्हणाले, आम्ही क्षमा करतो.

"आणि तिथेच काही कृष्णवर्णीय प्रतिनिधी अस्वस्थ झाले," मास्तरांनी भर घातली. "सगळ्यांच्या वतीनं क्षमा करायचा अधिकार टुटूंना कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता."

"बरोबर होता," ताई म्हणाली. एवढा वेळ ती चहाचा ग्लास हातात धरून बसली होती. "मला तेच म्हणायचंय. क्षमा मागण्यावर आपण तासभर बोलतोय. देणाऱ्याचं कोण बोलणार? दारुड्या नवऱ्याचा मार खाऊन बाई दवाखान्यात येते, टाके घालून घेते आणि म्हणते, सासू सांगते, तू ख्रिस्ती आहेस, क्षमा कर. नवऱ्यानं मागितलेली पण नसते."

तिनं सिस्टर राणी मारियांची गोष्ट सांगितली. आम्हा सगळ्यांना माहीत होती, तरी ऐकली. मूळच्या केरळच्या, मध्य प्रदेशात उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समुंदरसिंग यानं बसमध्ये लोकांदेखत त्यांच्यावर चाकूचे वार केले. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही त्याच संघातली सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरी गेला, आईबापाची क्षमा मागितली. २०१७ मध्ये राणी मारियांना इंदूरमध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं.

"राखीची गोष्ट सगळे सांगतात," ताई म्हणाली. "मला त्यातली मधली वर्षं दिसतात. १९९५ ते २००२. बहिणीला स्वतःचा वेळ मिळाला. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी कोणी तिला तुरुंगात ढकललं नाही. आणि त्यानं आपण केलं हे नाकारलं नाही, त्याबद्दल तो रडला. दोन्ही बाजू चालत आल्या."

वकील म्हणाला, "ग्लॅडिस स्टेन्स बाईंनी तर लगेच क्षमा केली." जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला त्यांचा नवरा ग्रॅहम, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी यांना गाडीत जिवंत जाळलं. बाई बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. "पण त्यांनी क्षमा आणि शिक्षा वेगळ्या ठेवल्या. खटला चालला, मुख्य आरोपी दारासिंगची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. माझ्या मनात राग नाही, असं म्हणताना कायद्याला थांबा असं त्या म्हणाल्या नाहीत. धाकट्यानं हे लक्षात ठेवावं. भावाला क्षमा कर, दावा मागे घेऊ नकोस."

"आणि क्षमा तरी आधी का?" ताईनं विचारलं.

नगरकरापुढे दोन वचनं उभी होती. लूक सतरा म्हणतो, भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. लूक तेवीसमध्ये मात्र वधस्तंभावरून येशू म्हणतो, बापा, त्यांना क्षमा कर, आणि तिथे पश्चात्ताप कोणीच केलेला नव्हता. नगरकर दुसऱ्या वचनाच्या बाजूचा, ताई पहिल्याच्या. बराच वेळ ओढाताण झाली. मला वाटतं, ताईच्या पेशंटसाठी पहिलं वचन आधी वाचावं लागेल. मनातला राग सोडणं हे एकट्याला करता येतं, आणि ते कधी करायचं हे त्या एकट्यानंच ठरवायचं. समेट मात्र एकट्याला होत नाही. त्यासाठी ज्यानं घेतलं त्यानं चालत यावं लागतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीजवळ अर्पण ठेवून परत फिरायला सांगितलंय ते त्यालाच, ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे. मार खाल्लेल्याला ते सांगितलेलं नाही. हे वचन आपण दर वर्षी ऐकतो आणि नेमकं उलट्या माणसाला लागू करतो.

मास्तर उठले. "मी जातो थोरल्याकडे. माझा विद्यार्थी आहे तो. पापनिवेदनाचं काही विचारणार नाही. वारसनोंद दुरुस्त करायला तयार आहेस का, एवढंच विचारीन."

"तयार झाला तर कागद मी करतो, फी नको," वकील म्हणाला. "दोघांनी सही केली तर तडजोडीनं दावा निकाली निघेल."

"आणि मध्ये खाल्लेलं उत्पन्न?" नगरकर पाचवा हिस्सा विसरला नव्हता.

"ते धाकटा ठरवील," ताई म्हणाली. "मास्तर, थोरल्याकडे जायच्या आधी धाकट्याकडे जा. तुम्ही मध्ये पडलेलं त्याला चालणार आहे का, ते विचारा. नको म्हणाला तर जाऊ नका."

मास्तरांनी थोडा विचार केला आणि धाकट्याच्या घराच्या दिशेनं निघाले.