मागून कोणी ठोकलं का?

आमच्या गाडीत बसलेला माणूस नाशिकचा पाथर्डी फाटा सोडून दोन मिनिटं झाली की हमखास हेच विचारतो. सासऱ्यांनी तर मागे वळून एका आयशरवाल्याला मनसोक्त झापलं होतं, तो बिचारा शंभर फूट लांब होता. ठोकलेलं कोणीच नसतं हो. मी ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलेलं असतं, एवढंच.

गाडी म्हणजे १९६९ची एमजीबी, दोन सीटांची, १७९८ सीसी, इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला बनलेली आणि कुण्या साहेबाच्या सामानाबरोबर मुंबईत उतरलेली. माझ्याकडे ती कशी आणि केवढ्याला आली हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय. गिअर चारच, पण गिअरबॉक्सच्या शेपटीला लेकॉक डी नॉर्मनव्हिलचं ओव्हरड्राइव्ह आहे. नाव एखाद्या फ्रेंच सरदारासारखं असलं तरी माल शेफिल्डचा. तिसऱ्या किंवा चौथ्यात असताना बटण दाबलं की सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) टक् करतो, आतलं तेलाचं प्रेशर चारशे पीएसआयच्या आसपास जातं (आपण टायरमध्ये तीस भरतो, म्हणजे बघा), ते प्रेशर शंकूसारखा एक क्लच सरकवतं आणि गाडीचा स्पीड तोच राहून इंजिनाचे फेरे अठरा टक्के उतरतात. ऐंशीला कोकलणारी गाडी एकदम समजूतदार होते. असं पुस्तकात.

आमच्याकडे टक् नंतर धाड व्हायचं. मणका आधी पुढे, मग मागे, आणि डॅशबोर्डवर डबल टेपने चिकटवलेले बाप्पा एकदा विल्होळीच्या अलीकडे थेट बायकोच्या मांडीवर उतरले. ती म्हणाली, देव सुद्धा उतरला, आता तूही उतर आणि हिला विकून टाक.

हे सगळं दिवाळीनंतर सुरू झालं, आणि माझी वारी पण. द्वारका चौकातल्या मिस्त्रीने खाली वाकून, सरळ होऊन, तंबाखू थुंकून सांगितलं की क्रॉस, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा, गेलाय. क्रॉस बदलला, धाड तशीच. मुंबई नाक्याच्या मिस्त्रीने आधीच्याने काय केलं ते ऐकून नुसतं हसून घेतलं आणि माउंटिंग, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ज्यांवर टेकतात ती रबरं, बदलली, धाड तशीच, फक्त आता गाडी उभी असताना छान वाटायची. अंबडचा म्हणाला, बॉक्स उतरवू ना, काय त्यात, आणि मग त्याला कळलं की या गाडीचा बॉक्स एकटा उतरत नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो, तेव्हा त्याला एकदम आठवलं की उद्यापासून त्याच्या चुलत्याकडे गोंधळ आहे. रविवारच्या मिसळीला तर विचारूच नका, एका टेबलावर जाड तेल टाका म्हणणारे दोन, पातळ टाका म्हणणारे तीन, आणि एकजण "ते ओव्हरड्राइव्ह काढूनच टाक ना, आमच्या फियाटला कुठे होतं" म्हणून तर्री मागवणारा. आईने बंपरला लिंबू-मिरची बांधली. खरं सांगतो, इतक्या जणांत खर्चाच्या मानाने तोच उपाय मला पटला.

शेवटी बी विंगमधले काका भेटले. ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेत, अख्खी नोकरी मिग विमानांच्या हायड्रॉलिक्समध्ये गेली. तोपर्यंत मी त्यांना फक्त पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडताना पाहिलं होतं. त्यांनी गाडीला हातच लावला नाही, आधी विचारलं, "गार असताना होतं का गरम झाल्यावर? लागताना का सुटताना?" चार महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, काका, लागताना, आणि नेहमीच. मग ते शेजारी बसले, विल्होळीपर्यंत डोळे मिटून, मला वाटलं झोप लागली. मी बटण दाबलं. टक्, धाड. डोळे न उघडताच म्हणाले, "प्रेशर येतंय भरपूर. पण एकदम येतंय, हळूहळू यायला पाहिजे. हळू आणणारा कोणीतरी आत अडकून बसलाय."

तो हळू आणणारा म्हणजे डॅशपॉट. दवाखान्याच्या दाराला वर तो दांडा असतो ना, दार धाडकन आपटू न देणारा, तसंच काम. जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हजवळ एक छोटा पिस्टन आणि स्प्रिंगा, बटण दाबल्यावर तो सावकाश सरकतो आणि त्याच्याबरोबर प्रेशर चढत जातं. तो जागेवरच चिकटला की सगळं प्रेशर एका दमात क्लचवर, आणि बाप्पा मांडीवर.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवली, घमेल्यात तेल काढलं. आनंदाची गोष्ट म्हणजे या कामाला इंजिन काढावं लागत नाही, खालून एक बूच उघडलं की झालं. पण ते बूच साधं नाही, त्याला नट नसतो, दोन भोकं असतात आणि त्यात बसणारा खास पाना लागतो. मी तत्परतेने छिन्नी आणि हातोडी पुढे केली.

काकांनी छिन्नीकडे पाहिलं. मग टॉर्च मारून बुचाकडे पाहिलं. बुचाच्या कडेला चांगल्या चार खोल खाचा होत्या.

"आधी कोणीतरी छिन्नीनेच उघडलंय हे," ते म्हणाले.

"जुना मालक असेल," मी म्हणालो.

त्यांनी घरून लोखंडी पट्टी आणली, दोन तुटकी ड्रिल बिटं तिच्यात ठोकून पाना बनवला, आणि बूच जारच्या झाकणासारखं फिरवून काढलं. आतलं एकेक निघेल तसं पेपरवर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडलं, स्प्रिंग, चकती, अजून एक स्प्रिंग, मला हात लावू दिला नाही. शेवटचा पिस्टन काही येईना. चिमट्याने हळूच ओढला तर त्याच्याबरोबर करड्या रंगाची, शेवईसारखी, चांगली दोन इंच लांब रबरी दोरी बाहेर आली.

"सिलिकॉन," काका म्हणाले. "गॅस्केटला लावायचं. हे इथे कुठल्या गाढवाने भरलं?"

मी म्हटलं, जुना मालक फारच निष्काळजी होता.

नेमकी त्याच वेळेला बायको वर बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. "अरे दिवाळीत तेल बदललंस तेव्हा तूच नव्हतं का लावलं?" ती तिथूनच ओरडली, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं. "मेंदीच्या कोनासारखं दाबून दाबून लावत होतास, चकल्या गार झाल्या तरी वर आला नाहीस!"

काका काही बोलले नाहीत. माझी छिन्नी उचलली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. अजून परत दिलेली नाही, मीही मागितलेली नाही.

पिस्टन रॉकेलमध्ये धुतला, बोटाने ढकलला तर लोण्यासारखा सरकला. बूच परत लावताना नुसती रिंग, बाकी काही नाही, आणि बॉक्समध्ये नवीन ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी इंजिन ऑइल, साडेतीन लिटरच्या आसपास. या गाडीत गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकच तेल पितात, आणि ते पण इंजिनाचंच. जाड-पातळवाल्या दोन्ही पार्ट्या चूक निघाल्या.

परवा सासऱ्यांना घेऊन घोटीपर्यंत गेलो. विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं, ते आपले पुढच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून बसलेले. शेवटी न राहवून विचारलं, "बटण कधी दाबणार?"

"दाबलं की, केव्हाच."

"कळलं नाही," ते म्हणाले, आणि तरी एकदा मागे वळून बघितलंच. मागे कोणीच नव्हतं. जरा हिरमुसल्यासारखेच झाले.