फुटाच्या भावात सांधे बसत नाहीत

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर जिप्सम बोर्डाचं (दोन जाड कागदांमध्ये जिप्समचा थर असलेल्या तयार तक्त्यांचं) पार्टिशन घालून एका खोलीच्या दोन करायच्या आहेत. घरच्या ग्रुपवर त्यावरून दोन तट पडलेत. मामा म्हणतो, फुटाला काय घेतात ते विचारा आणि सगळ्यात स्वस्त असेल त्याला काम द्या. मामेबहीण म्हणते, हे पुठ्ठ्याचं काम नकोच, वीट ती वीट. मी राहतो ह्यूस्टनला, जिथं झाडून सगळी घरं आतून याच बोर्डाची. त्यामुळे दोघंही मला साक्षीला ओढतात.

वरच्या मजल्यावर बोर्ड खुशाल लावा. पण मामाची भाव काढायची रीत मला मान्य नाही.

इथला हिशेब सांगतो. 12 बाय 12 ची खोली, उंची 8 फूट. भिंती 384 चौरस फूट, छत 144, मिळून 528. 4 बाय 8 चा बोर्ड 32 चौरस फुटांचा, म्हणजे साडेसोळा लागतात. कापाकापीत दहा टक्के जातात, म्हणून 19 मागवायचे. अर्ध्या इंची बोर्ड साधारण 15 डॉलरला, म्हणजे फुटाला 50 सेंटही पडत नाहीत. बसवून, सांधे भरून, रंगाला तयार करून देण्याचा भाव मात्र फुटाला 2 ते 4 डॉलर. छताला जास्तच. बोर्डाच्या किमतीवरचे पैसे मुख्यतः मजुरीचे.

बोर्ड ठोकून एका दिवसात होतात. मग सांध्यांवर टेप, त्यावर कंपाउंडचा, म्हणजे सांधे भरायच्या लगद्याचा हात, तो वाळला की दुसरा जरा रुंद, मग तिसरा, मग घासणं. एकेक हात वाळायला साधारण दिवस जातो, इथल्या दमट हवेत त्याहून जास्त. कारागीर दोन तास काम करून निघून जातो आणि उद्या पुन्हा येतो. या खेपा भावात धरलेल्या असतात, म्हणून खोली लहान असली की फुटाचा भाव उलट चढतो. 'एवढ्याशा कामाचे एवढे?' या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

मामानं फुटाला पाच रुपये तोडले तर कारागीर बोर्ड कमी लावू शकत नाही. तो हात कमी करणार. एका हातावर पुट्टी ओढून मोकळा होणार, आणि वर्षभरात ट्यूबलाइटच्या तिरक्या उजेडात सांधे बरगड्यांसारखे मोजता येणार.

इथं महाग मजुरी कारागिराच्या खिशात जाते असंही समजू नका. टेक्सासात या कामावर बरेचसे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले लोक असतात. ठेकेदार त्यांना अनेकदा फुटावरच पैसे देतो आणि मधला फरक स्वतः ठेवतो.

तळमजल्यापुरतं मामेबहिणीचं खरं आहे. 2017 साली हार्वे वादळाच्या पुरानंतर इथं गल्लोगल्ली भिजलेल्या बोर्डांचे ढीग होते. जिप्सम पाणी वर शोषून घेतं, त्यामुळे पाण्याच्या रेघेच्याही वरपर्यंत, बहुधा 4 फुटांवर भिंत सरळ कापून टाकतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, ते बडोदेकरांना सांगायला नको. खाली वीटच घाला.

वरच्यासाठी फ्रेम, बोर्ड, सांध्यांचे किती हात, घासणं, राडारोडा उचलणं, असं वेगवेगळं लिहून मागा. मामाला हे पटलेलं नाही. म्हणतो, लिहून मागितलं की तो जीएसटी लावेल. लावू दे.