रूपक येतो म्हणून मिरवायला गेले, आणि...

बल्गेरियातल्या सोफियाला राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात ऑफिसातली मैत्रीण मला 'होरो'च्या वर्गाला घेऊन गेली. होरो म्हणजे बल्गेरियातला साखळीचा नाच. हातात हात घ्यायचा, नाहीतर शेजारच्याचा कमरपट्टा धरायचा आणि रांगेबरोबर उजवीकडे सरकत राहायचं. भोंडल्यात फेर धरून वाढलेली बाई मी, मला कसली भीती!

'प्रावो' होरो जमला. सरळ दोनाचा ताल. मग लागली 'राचेनित्सा'. सात मात्रा! मी मनातल्या मनात खूश. लहानपणी सहा वर्षं तबला बडवलाय, सात मात्रांचा रूपक ताल तर बोटांत बसलेला. पण रूपकाचे भाग तीन-दोन-दोन, आणि हिचे दोन-दोन-तीन. त्यात लय इतकी चढी की रूपकाचे पहिले बोल 'ती ती ना' म्हणेपर्यंत रांग पुढे गेलेली. लांब पाऊल पडायला हवं शेवटी, माझं पडायचं सुरुवातीलाच. शेजारच्या सत्तरीच्या आजींचा पाय मी तीनदा तुडवला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझा हात दाबून दाबून ताल देत राहिल्या.

एकदा शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे बघत डावी-उजवीकडे मान हलवायला लागल्या. चुकतंय वाटून मी घाईघाईनं पाऊल बदललं. नंतर कळलं, बल्गेरियात तशी मान हलवणं म्हणजे 'हो'. अख्ख्या संध्याकाळीत बरोबर आलेलं एकमेव आवर्तन मीच मोडलं होतं!

शास्त्रीय ते अवघड आणि लोकनृत्य काय, कुणालाही येतं, हे आपल्याकडचं मत मी तरी आता मागे घेतलंय. बेला बार्टोकसारख्या हंगेरियन संगीतकारानं 'मिक्रोकॉसमॉस' या आपल्या पियानोच्या रचनांच्या संग्रहाच्या शेवटी बल्गेरियन तालातले सहा नाच उगाच नाही लिहिले. आणि आजींना विचारलं, किती मात्रा? तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या लेखी 'पटकन, पटकन, सावकाश', एवढंच. अकरा मात्रांची 'कोपानित्सा'सुद्धा त्या गप्पा मारत नाचतात. मला मात्र मोजायचं थांबवल्याशिवाय पाय उचलता येईना, आणि सहा वर्षांच्या तालमीनंतर मोजणं थांबवणं हेच सगळ्यात कठीण.

अजून एक. रांगेत नवख्यानं शेपटीला जोडून घ्यायचं असतं, म्होरक्याच्या पुढे नाही. पहिल्या दिवशी मी नेमकी तिथेच घुसले होते. आता निमूट शेपटीला असते. तिथे शेजार एकाच बाजूला, त्यामुळे तुडवायला पायही कमी.